नळाचा दिवस आणि पळण्याचा दिवस

वसमतहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी. अक्षर सुरेख, पण शेवटच्या पानावर इतकी दाटी, की लिहिताना तिची घाई झाली असावी हे दिसतंच. बहुधा गॅसवर दूध असेल. वय ३४, दोन लेकरं, सासू-सासरे जवळ, यजमान शिक्षक. गेल्या वर्षी तिनं ५ किलोमीटरची शर्यत पूर्ण केली आणि आता तिला २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पळायची आहे. ती लिहिते, "ताई, पाय तयार आहेत, पण घर तयार नाही. पळून आले की सासूबाई बोलत नाहीत. मग मी दिवसभर दुप्पट काम करते. संध्याकाळी चिडचिड होते, ती लेकरांवर निघते. हे जमतं का कुणाला? की सोडून देऊ?"

पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, हे मीच कुणाला तरी लिहिलेलं असावं. कारण, मैत्रिणींनो, मीही पळते. या सदरात आजवर कधी लिहिलं नाही. लोणच्याला बुरशी का येते आणि डाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं, हे सांगणाऱ्या बाईनं पळण्याबद्दल काय बोलायचं, असा संकोच होता. शिवाय माझी गोष्ट काही यशाची नव्हती. गेल्या वर्षी मी अर्धमॅरेथॉनसाठी नाव नोंदवलं, पैसे भरले, दहा आठवडे सराव केला आणि शर्यतीच्या दिवशी घरी मटकी निवडत बसले होते.

सुरुवात झाली ती पाठदुखीपासून. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, म्हणून मी पहाटे रामलीला मैदानावर जायला लागले. आमच्या हिंगोलीत त्या वेळी मैदानावर कोण असतं? पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी. खेड्यापाड्यांतून आलेल्या, खोली करून राहिलेल्या, काही तर लग्न झालेल्या. भरतीच्या चाचणीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, १०० मीटर वेगळं, शिवाय गोळाफेक. त्या पळायच्या, मी चालायची. एक दिवस त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, नुसत्या चालायलात काहून? या की आमच्यासंगं एक फेरी." ती फेरी काही मला पुरी झाली नाही. तोंडाला फेस आला म्हणा ना! पण त्या दिवशी शाळेत फळ्यावर लिहिताना लक्षात आलं, की सकाळपासून आपण कुणावरही चिडलेलो नाही. ही काही लहान गोष्ट नव्हे. सहा महिन्यांत मी न थांबता ५ किलोमीटर पळू लागले. वेग विचाराल तर शेजारून सायकलवर जाणारा दूधवाला रोज "चालू द्या वहिनी" म्हणून पुढं जातो, एवढाच.

त्या पोरींना पळताना कुणी काही म्हणत नाही, कारण तो नोकरीचा प्रश्न आहे. बारामतीच्या लता करे तुम्हांला आठवत असतील. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, मोलमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या. यजमानांच्या तपासण्यांना पैसे नव्हते, म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी, बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या शर्यतीत त्या पळाल्या आणि पहिल्या आल्या. २०२० साली त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा चित्रपट निघाला. त्यात स्वतःची भूमिका त्यांनी स्वतःच केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. ही हकीकत सांगितली की आमच्या सासूबाई डोळ्याला पदर लावतात. मीही लावते. पण मनात एक विचार येतोच. बाई नवऱ्यासाठी पळाली तर धन्य, नोकरीसाठी पळाली तर शहाणी, आणि आपल्या जिवाला बरं वाटतं म्हणून पळाली तर? तर स्वयंपाकघरात भांडी आपटल्याचा आवाज येतो.

हे आपल्याकडंच आहे असं मात्र समजू नका. लांबचं पळणं बायकांना झेपत नाही, असं साऱ्या जगानंच ठरवून टाकलं होतं. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. शेवटी काही जणी फार दमलेल्या दिसल्या म्हणून ओरड झाली आणि ती शर्यतच काढून टाकली, ती थेट १९६० पर्यंत. १९६७ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर पळत होती, तर एक अधिकारी तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायला धावला. ती थांबली नाही, शर्यत पूर्ण केली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ मध्ये. माझ्या आईचं लग्न झालं त्या सुमाराची गोष्ट, फार जुनी नाही.

आणि आता बघा. मुंबईच्या क्रांती साळवी २०१८ मध्ये बर्लिनची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरहून थोडं जास्तच, नऊवारी नेसून ३ तास ५७ मिनिटांत पळाल्या. पुण्याच्या प्रीती मस्के दोन मुलांच्या आई. चाळिशीच्या आसपास सायकल हाती घेतली आणि २०२२ मध्ये लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं अंतर एकटीनं ५५ तास १३ मिनिटांत तोडलं. इंग्लंडमध्ये २०१९ च्या जानेवारीत जस्मिन पॅरिस नावाची बाई ४३० किलोमीटरच्या आसपासची डोंगरातली शर्यत पुरुषांसकट सगळ्यांना मागं टाकून जिंकली. तिचं बाळ अंगावर पीत होतं. वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढायची आणि पुढं पळायची.

अशा बातम्या वाचल्या की पहिल्यांदा आपण म्हणतो, वा! आणि लगेच मनात येतं, हिच्या घरी कोण करत असेल? बातमीत किती तास, किती मिनिटं ते असतं. कुकर कुणी लावला ते नसतं. मला आज त्या कुकरबद्दलच लिहायचं आहे.

माझी गेल्या वर्षीची चूक सांगते. शर्यत थंडीत होती. घरात कुणालाच तोशीस लागू द्यायची नाही, असं मी ठरवलं. मोठी शहाणी! रात्री ओटा आवरून निजायला ११ वाजायचे. पावणेचारला उठायचं, कणीक मळायची, डब्याची भाजी चिरायची आणि बाहेर पडायचं. सहाच्या आत परत. घर जागं व्हायच्या आधी अंघोळ करून चहा ठेवायचा. मी गेलेच नव्हते असं वाटलं पाहिजे! पुढं दोन डबे, ११ ते २ शाळा, आल्यावर भांडी, वह्या तपासणं, संध्याकाळचा स्वयंपाक. भाकरीचं पीठ काही आधी मळून ठेवता येत नाही, त्यामुळं रात्री परातीशी बसताना पाय नुसते ठणकत. जेवण उभ्याउभ्या. कढईला लागलेली भाजी पुसून घेतली की झालं माझं जेवण.

दहाव्या आठवड्यातला रविवार. १४ किलोमीटर पळून आले. खाल्लं काहीच नाही, कारण सगळ्यांचे पोहे व्हायचे होते, दूध तापवायचं होतं. गॅससमोर उभी होते आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. ओटा धरून खाली बसले. दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. लेकीला वास आला. बारा वर्षांची पोर. तिनं आधी बटण बंद केलं, खिडकी उघडली, मग मला पाणी दिलं. ओरडली नाही, घाबरली नाही. रात्री पांघरुणात एकटीच रडली, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.७. बाईचं १२ च्या वर हवं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "हे पळण्यानं झालेलं नाही. आधीपासूनच कमी असणार. पळण्यामुळं उघडकीला आलं, एवढंच." लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि लांबचं पळणं बंद झालं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी आढळलं होतं. म्हणजे तुम्ही आणि तुमची शेजारीण, दोघींपैकी एकीचं कमी असण्याचा संभव बराच. म्हणून पळायचं मनात असेल तर बूट घ्यायच्या आधी रक्त तपासा. बुटांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आता सासूबाईंबद्दल. दोन वर्षं मला वाटत होतं, की त्यांना माझं पळणं आवडत नाही, म्हणून त्या सकाळी बोलत नाहीत. मी अंथरुणावर होते तेव्हा एका दुपारी त्या लसूण सोलत शेजारी बसल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "कशापायी पळायलीस ते मी इचारत नाही. मी बी गेल्ते की नरसीहून पंढरपूरला, दिंडीत. तुझा नवरा पाचवीत व्हता तवा. थोरल्या जाऊबाईनं घर बघितलं. पर मी सांगून गेल्ते, समद्यांम्होरं. तू चोरून पळायलीस. पहाटं कडी वाजली की मला जाग येती. तू येऊस्तोवर डोळा लागत नाही. कुत्रं चावलं, टरक आली, तर मी कुठं इचारू?"

नरसी म्हणजे आमच्या जिल्ह्यातलं संत नामदेवांचं गाव. तिथून आषाढीला पालखी निघते. सासूबाई दिंडीत गेल्या होत्या हे मला माहीत होतं, पण तेव्हा मागं घर कुणी सांभाळलं, हा प्रश्न मी लग्नाच्या चौदा वर्षांत कधी विचारला नव्हता. जाऊबाईंनी सांभाळलं. आणि पुढच्या वर्षी जाऊबाई गेल्या तेव्हा सासूबाईंनी. दोघींचं ठरलेलं होतं. मी मात्र कुणाला काही न विचारता, न सांगता, सगळे तास माझ्या झोपेतून आणि ताटातून काढत होते, आणि वर घरच्यांचं सहकार्य नाही म्हणून मनात कुढत होते. सहकार्य मागितलं कुठं होतं?

बरी झाल्यावर एका रात्री जेवणं उरकल्यावर मी विषय काढला. छातीत धडधडत होतं हो! पहिल्यांदा शाळेत शिकवायला उभी राहिले तेव्हाही एवढं झालं नव्हतं. यांची नोकरी मोंढ्यात, हळदीच्या आडतीवर, हिशेबाची. त्यामुळं मी भावनेत शिरलेच नाही, वही काढली. आठवड्यात पळायचं किती? तीन दिवस पाऊण-पाऊण तास, आणि एक दिवस लांबचं, दीड ते अडीच तास. झाले पाच तास. यांनी वहीत बघून विचारलं, "आणि अंघोळ, केस वाळवणं, कपडे? आल्यावर अर्धा तास पडायचं नाही का?" बेरीज आठ तासांवर गेली. मैत्रिणींनो, हा फरक लक्षात ठेवा. आपण पाच सांगतो आणि घरातून जातात आठ. ते तीन तास कुणाच्याच हिशेबात नसतात आणि सगळी धुसफूस त्यांच्यावरूनच होते.

मग वार ठरवायचे. पुस्तकातल्या वेळापत्रकात मंगळवार, गुरुवार असं छान लिहिलेलं असतं. आमच्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे पाच ते सहा. तेव्हा कोणत्या वारी पळायचं ते आम्ही नळावरच सोपवलं. नळाचा दिवस घरचा, बिननळाचा दिवस पळण्याचा. कालनिर्णयवर नळाच्या तारखेला निळी टिकली. गंमत म्हणजे नव्यानं पळणाऱ्या बाईच्या पायांना एका दिवसाआड विसावा हवाच असतो, तो आपोआप मिळाला. प्रश्न उरला रविवारचा. लांबचं पळणं रविवारीच जमतं, आणि एका आड एक रविवारी नळ येतो. त्या रविवारी पाणी यांनी भरायचं आणि पोहेही यांनीच करायचे, असं ठरलं.

पहिल्या रविवारी टाकी भरून वाहिली, पाणी पार गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं. पोह्यांत हळद एवढी की आडतीवरच्या माणसानं केलेत हे सांगायला नको. धाकटा म्हणाला, "आई, पिवळी जीभ बघ." मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ही फार अवघड गोष्ट आहे, शेवटच्या दोन किलोमीटरपेक्षाही. दुसऱ्याच्या हाती काम दिलं की ते त्याच्या पद्धतीनं होणार. आपण मागून जाऊन ओटा पुन्हा पुसला, तर पुढच्या रविवारी तो माणूस उठणार नाही.

माझ्याही बाजूनं सोडायचं होतं. होळीनंतर मोंढ्यात हळदीची आवक वाढते, मग यांचं जाणं पहाटे आणि येणं रात्री. त्या तीन महिन्यांत मी माझे तास परत केले. तसाही तेव्हा पारा ४२-४३ वर जातो. दिवसाआड दोन-तीन किलोमीटर, तेही उजाडताच. यावर मी काही रुसले नाही, कारण आमच्या घरची चूल हळदीवर चालते, माझ्या पळण्यावर नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. बोलणं चाललं असताना कुणीतरी सहज म्हणालं, "पोरगी आता मोठी झाली, डबे ती भरील." मी म्हटलं, नाही. तिला जे रोज करायचं असतं ते तिनं करावं, तिचा भाऊ करतो तेवढंच. पण माझ्या मोकळ्या झालेल्या तासांचा बोजा तिच्या वाट्याला जाणार असेल, तर मला ते तास नकोत. कितीतरी घरांत असंच होतं बघा. आई नोकरीला लागते, आई शिकायला जाते, आणि पोळ्या लाटायला पोरगी बसते. सासूबाईंचंही तेच. त्यांचे गुडघे दुखतात. त्या बसल्या जागी भाजी निवडतात, कुकरची शिट्टी मोजतात, तेवढं खूप झालं.

सणांचं काय, असं तुम्ही विचारालच. हिवाळ्यात शर्यत असली की सोळा आठवड्यांचा सराव ऑगस्टच्या शेवटाला सुरू होतो. म्हणजे महालक्ष्म्या, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, सगळं त्यात. ज्यानं ते वेळापत्रक आखलं त्याच्या घरी महालक्ष्म्या बसत नसाव्यात! सोळा भाज्या आणि पुरणावरणाचा स्वयंपाक करून उभ्या-उभ्याच पोटऱ्या भरून येतात. नवरात्रात तर रामलीला मैदानावर दसऱ्याचं प्रदर्शन भरतं, पाळणे लागतात, पळायला जागाच नसते. गेल्या वर्षी मी सण आणि सराव दोन्ही ओढले. यंदा सोळाचे वीस आठवडे केले आणि सणाचे आठवडे आधीच हलके धरले. महालक्ष्म्यांचे तीन दिवस पूर्ण बंद. दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात दोनदाच, थोडं थोडं. जाणकार पळणारेही दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवतात, तोच आपण सणाला ठेवायचा. आठवडाभर पळालं नाही म्हणून कमावलेली ताकद जात नाही.

उपासाचा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. नऊ दिवसांऐवजी यंदा उठता-बसता केला, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. "देवीला काय रिकाम्या पोटानं पळालेली बाई पायजे व्हय?" असं म्हणाल्या. उपासाच्या दिवशी मात्र मी पळत नाही, आणि तुम्हीही पळू नका. नुसत्या साबुदाण्यावर तर मुळीच नको.

खाण्याचं थोडं सांगते, कारण माझं तिथंच चुकलं होतं. निघताना एक केळं किंवा दोन-तीन खजूर. तासाहून जास्त पळायचं असेल तर सोबत पाणी, त्यात लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ. वाटेत घोट घोट घ्यायचं. आल्यावर अर्ध्या तासाच्या आत आपलं ताट आधी. हो, आधी. दही-पोहे, उसळ-पोळी, रात्रीची भाकरी दुधात कुस्करून, जे असेल ते, पण बसून. रक्तासाठी मोड आलेल्या मटकीची, हरभऱ्याची उसळ, पालेभाज्या, आणि त्यांवर लिंबू पिळायचंच, त्यानं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर किंवा जेवल्या-जेवल्या चहा नको, निदान तासभर थांबा. चहा ते लोह अडवतो. आणि गूळ-शेंगदाणे खाल्ले की रक्त वाढतं, या भरवशावर राहू नका. गूळ चांगला, पण डॉक्टरांच्या गोळ्यांची जागा तो घेत नाही. बाळंतपण होऊन फार दिवस झाले नसतील, किंवा पाळीत अंगावर जास्त जात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पळताना छातीत दुखलं, गरगरलं, तर तिथंच थांबा. दुसऱ्या कुणाबरोबर पळत असाल तर बोलता येईल एवढाच वेग ठेवा. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

पहाटे एकट्यानं जाऊ नका. आम्ही आता चौघी आहोत. दोघी भरतीच्या पोरी, एक बँकेतल्या बाई आणि मी. लांबच्या पळण्याचा रस्ता आदल्या रात्री फळीवरच्या पाटीवर लिहून ठेवते, परतायची वेळही लिहिते. सासूबाई घड्याळाकडं बघत माळ ओढत बसतात. "आज धा मिंटं उशीर," एवढंच म्हणतात आणि उठून देवघरात जातात.

आता वसमतच्या मैत्रिणीला. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं. पळून आल्यावर तुम्ही "दुप्पट काम" करता. कशाबद्दल? तुम्ही काही गुन्हा केलेला नाही, मग ही शिक्षा स्वतःला कशाला? तुम्ही भरपाई करत राहिलात की घरालाही वाटतं, काहीतरी चुकलंय खरं. सासूबाई का बोलत नाहीत ते त्यांनाच विचारा. कदाचित त्या रागावल्याही असतील, माझ्या सासूबाईंसारखं काही निघेलच असं नाही. पण विचारल्याशिवाय कळणार नाही. परवानगी मागू नका, तास मागा, आणि खरे मागा, आठ असतील तर आठ. तुमचे यजमान शिक्षक, म्हणजे रविवार मोकळा आहे. एक रविवार सकाळ त्यांच्याकडं द्या आणि त्या सकाळी काय बिघडलं ते मोजू नका. यंदाच २१ जमलं पाहिजे असंही नाही. आधी १० पळा. लेकरांवर चिडचिड निघते म्हणता, ती बहुधा पळण्याची नसून झोपेची आहे. एक आठवडा दहाला निजून बघा आणि मला कळवा.

माझी यंदाची शर्यत पाच आठवड्यांवर आली आहे. गेल्या रविवारी १६ किलोमीटर झाले. परवा तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन १२.१ होतं. येत्या रविवारी १८ आहेत, आणि कालनिर्णयवर त्या तारखेला निळी टिकली आहे. यांनी आजच विचारलं, मोटार किती वाजता बंद करायची म्हणून.

जाता जाता कपड्यांचं, कारण ते पत्रातही विचारलं आहे. पळण्याचे घामट कपडे बादलीत तसेच कोंबून ठेवू नका, वास बसतो. आल्याबरोबर साध्या पाण्यातून काढा, मग गार पाण्यात थोड्या साबणानं धुवा. वास गेलाच नाही तर अर्धी बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा. इस्त्री नको. बूट ओले झाले तर कडक उन्हात ठेवू नका, तळ सुटतो. आतली पट्टी काढून वेगळी वाळवा आणि बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत, वारं लागेल असे ठेवा. दोन तासांनी बोळे बदला. सकाळपर्यंत कोरडे होतात.